पेपर आहेत म्हणून कुत्रा धडधाकट नसतो

पग, म्हणजे चपट्या तोंडाचा तो छोटा कुत्रा, घोरतो ते लोकांना फार गोड वाटतं. व्हिडिओ काढतात, फॅमिली ग्रुपवर टाकतात, खाली सगळ्यांचे हसरे इमोजी. पण कुत्रा जागा असताना, नुसता बसलेला असताना, काही न करता घोरत असेल तर ते घोरणं नाहीये हो, श्वास आत ओढायला त्याला जोर लावावा लागतोय त्याचा तो आवाज आहे. एवढी एक गोष्ट जरी हे वाचून कोणाच्या लक्षात राहिली तरी मला बरं वाटेल. पण मला त्याच्या पुढचंही बोलायचंय, कारण हा त्रास त्या कुत्र्याच्या नशिबाने आलेला नाही, माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून तो त्याच्या अंगात आणलाय आणि आपण पैसे मोजून तो विकत घेतो.

आधी आतमध्ये काय होतं ते सांगते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जीभ बाहेर काढूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि त्यात नाकाच्या आतल्या ओलसर पातळ पडद्यांचाही मोठा वाटा असतो. लांब तोंडाच्या कुत्र्याच्या नाकात या पडद्यांना ऐसपैस जागा असते. पगचं तोंड आखूड करत करत आणलं, हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालंच नाही, त्यामुळे टाळूचा मागचा मऊ भाग घशात लोंबतो, जीभ तोंडात मावत नाही, आणि नाकपुड्या म्हणजे नुसत्या दोन चिरा. व्हेट लोक याला बीओएएस म्हणतात, अर्थ एवढाच की चपट्या तोंडामुळे श्वासाची वाट अडलेली असते. मग हा कुत्रा धापा टाकतो तेव्हा गार होण्याऐवजी त्या धापा टाकण्याच्या मेहनतीनेच अजून तापतो, घशातलं मांस सुजतं, वाट अजून अरुंद होते. हे चक्र एकदा सुरू झालं की कधीकधी अर्ध्या-पाऊण तासात कुत्रा हातचा जातो. आणि असा कुत्रा आपण कुठे ठेवतो, तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या नागपूर-चंद्रपूरला, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत जिथे धापा टाकून फारसा उपयोगच होत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक पग आहे, पाचेक वर्षांचा. लिफ्टसमोरच्या गार फरशीवर पुढचे पाय फाकवून, मान सरळ वर करून बसलेला असतो. झोपतो कसा तर हनुवटी सोफ्याच्या कडेवर टेकवून, डोकं उंच ठेवून, बसल्या बसल्याच, आणि कधी कधी तोंडात रबरी हाड धरून. घरातले कौतुकाने सांगतात की ही त्याची स्टाइल आहे. स्टाइल नाहीये ती. डोकं खाली टेकवून आडवा झाला की टाळू श्वासावर येतो आणि गुदमरून जाग येते, म्हणून त्याने स्वतःच शोधून काढलेला उपाय आहे तो, तोंडात काहीतरी धरलं की तोंड उघडं राहतं आणि तोंडाने तरी श्वास घेता येतो. त्या घरात प्रेमाची अजिबात कमी नाहीये, त्याच्यासाठी हॉलमध्ये एसी बसवलाय, रोज चेहऱ्याच्या घड्या पुसतात, डोळ्यांत ड्रॉप घालतात. फक्त त्यांना कोणी कधी सांगितलंच नाही की हा आजार आहे. इंग्लंडमध्ये २०१२ साली एक अभ्यास झाला होता, त्यात ज्या कुत्र्यांना श्वासाचा हा त्रास असल्याचं तपासणीत दिसलं त्यांच्यातल्या ५८ टक्के कुत्र्यांच्या मालकांनी सांगितलं होतं की आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही प्रॉब्लेम नाही. खोटं बोलत नव्हते ते, त्यांना तो आवाज म्हणजे पगचा नॉर्मल आवाज वाटत होता. म्हणून 'आमचा पग एकदम ठणठणीत आहे' असं कोणी सांगितलं की मी वाद घालत नाही, एवढंच विचारते की दोन मजले जिने चढून आल्यावर त्याला नॉर्मल व्हायला किती वेळ लागतो.

आपल्याकडे हा कुत्रा घराघरात पोचला तो जाहिरातीमुळे. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीची ती जाहिरात आली, छोटा मुलगा जाईल तिथे त्याच्या मागे मागे जाणारा पग, आणि ज्यांनी तोपर्यंत हा कुत्रा कधी बघितलाही नव्हता त्यांना तो हवासा झाला. पगला 'हचवाला कुत्रा' असंच म्हणायचे लोक, नंतर व्होडाफोनवाला. मागणी वाढली की पिल्लं काढणारे वाढतात, हे तर कुठल्याही बाजारात होतं. आता पग थोडा मागे पडलाय आणि त्याच्या जागी फ्रेंच बुलडॉग, शिट्झू, हस्की आलेत, पण धंद्याची रीत तीच. विकणाऱ्यांची भाषा बघा कधी: पगचा 'पंच फेस' पाहिजे, लॅब्रॅडॉर 'हेवी बोन', 'डबल बोन' म्हणजे जाड हाडाचा पाहिजे, जर्मन शेफर्डची पाठ मागे उतरती पाहिजे. पंच फेस म्हणजे जितका चेहरा आत गेलेला तितका भाव जास्त, म्हणजे ज्या पिल्लाला मोठेपणी सगळ्यात जास्त त्रास होणार त्याचीच किंमत सगळ्यात जास्त लागते. हे मला सहन होत नाही, म्हणून हा लेख.

पग आधीपासून असा नव्हता. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचं एक चित्र काढलं त्यात त्याचा पग पुढे बसलाय, लंडनच्या टेट गॅलरीत आहे ते, नेटवर लगेच सापडतं. त्या कुत्र्याला चांगलं पुढे आलेलं तोंड आहे, व्यवस्थित नाक आहे. मग मधे काय झालं तर डॉग शो झाले. १८५९ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला पहिला मोठा शो झाला, १८७३ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब निघाला, प्रत्येक जातीचं ब्रीड स्टँडर्ड लिहिलं गेलं, म्हणजे कान कसे, शेपूट कशी, तोंड कसं, आणि वंशावळीचं रजिस्टर बंद केलं गेलं की यापुढे याच नोंदलेल्या कुत्र्यांची पिल्लं शुद्ध. त्याआधी कुत्रा निवडायचे तो कामावरून, मेंढरं वळवतो का, वास काढतो का, राखण करतो का. शोमध्ये काम नाही, नुसतं दिसणं. आणि दिसण्यावर बक्षीस ठेवलं की कुठे थांबायचं हे कोणालाच कळत नाही, स्टँडर्डमध्ये तोंड आखूड लिहिलं तर ज्याचं अजून आखूड तो जिंकतो, जिंकला की सगळ्यांना त्याचंच मेटिंग हवं असतं, पुढच्या पिढीत त्याच्याहून आखूड. शे-दीडशे वर्षं हेच चालू आहे.

यात दुसरा घोटाळा म्हणजे रक्त. रजिस्टर बंद, त्यात एकाच चॅम्पियनची पिल्लं सगळीकडे, म्हणजे फिरून फिरून नात्यातच मेटिंग. आपण लग्न जमवताना गोत्र बघतो, एकच निघालं तर चांगलं स्थळ सोडून देतो, आणि त्याच घरात कुत्र्याचं सर्टिफिकेट दाखवताना एकाच चॅम्पियन आजोबाचं नाव आईकडूनही आणि बापाकडूनही आलंय हे अभिमानाने सांगतात. २००८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या दहा जातींच्या वंशावळी तपासल्या, आणि हजारोंनी कुत्रे असलेल्या जातींमध्ये वेगवेगळं रक्त मोजायला गेलं तर ते दोन जाती सोडून बाकी सगळ्यांत ४० ते ८० कुत्र्यांच्या कळपात असावं एवढंच निघालं. आणि ब्रिटिश केनेल क्लब आई-मुलगा, बाप-मुलगी, सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची नोंदणी २००९ पर्यंत करत होता! टीव्हीवर एका डॉक्युमेंटरीने हे सगळं बाहेर काढलं, बीबीसीने या क्लबच्या सगळ्यात मोठ्या शोचं प्रक्षेपण बंद केलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

परिणाम काय होतात ते एकेका जातीत वेगवेगळं दिसतं. बुलडॉगचं डोकं एवढं मोठं आणि आईची कंबर एवढी अरुंद की ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत ८० टक्क्यांहून जास्त बुलडॉग बाळंतपणं सिझेरियनने झालेली निघाली, म्हणजे ऑपरेशन थिएटर नसेल तर ही जात पुढे चालूच शकत नाही. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल म्हणून छोटा लोभस कुत्रा असतो, त्याची कवटी मेंदूला पुरत नाही, मेंदूचा मागचा भाग मणक्याच्या तोंडाशी ढकलला जातो आणि मज्जारज्जूत पाणी साठतं, तो कुत्रा मग मानेला हात लावला तरी किंचाळतो, हवेतच पायाने खाजवत राहतो. वर त्यांच्यात हृदयाच्या झडपेचा आजार. लॅब्रॅडॉरबद्दल तर मला फार वाईट वाटतं कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त तोच दिसतो आणि सगळे त्याला खादाड खादाड म्हणतात, पण केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबच्या जीनमध्ये असा बिघाड आहे की पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही. म्हणजे तो जन्मभर उपाशी असल्यासारखाच राहतो, आपण लाडाने पोळ्या घालतो आणि मग आठव्या वर्षी त्याला मागच्या पायांवर उभं राहता येत नाही.

ब्रिटनमधल्या व्हेटच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दोन अभ्यास आले. एकात दिसलं की बाकी कुत्र्यांच्या तुलनेत पगला श्वासाचा तो आजार असण्याची शक्यता जवळजवळ ५४ पट आहे, आणि त्या लोकांनी स्पष्ट लिहिलं की तब्येतीच्या बाबतीत पगला आता नॉर्मल कुत्रा म्हणता येणार नाही. दुसऱ्यात ३० हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदींवरून सरासरी आयुष्य काढलं होतं: जॅक रसेल टेरियर १२.७ वर्षं, पग ७.७, फ्रेंच बुलडॉग ४.५. फ्रेंच बुलडॉग तिकडे आत्ता आत्ता फॅशनमध्ये आलाय, त्यामुळे नोंदीत तरुण कुत्रेच जास्त आणि म्हणून आकडा जरा जास्तच खाली गेला असेल, हे मी मान्य करते. पण तरी.

आता यावर जे नेहमी ऐकायला मिळतं ते म्हणजे 'वाईट ब्रीडरकडून घेऊ नका, केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरवालाच घ्या'. यात अर्धं खरं आहे. आपल्याकडे फ्लॅटच्या गॅलरीत, शेडमध्ये, पिंजऱ्यात माद्या ठेवून दर हीटला, म्हणजे दर माजाला, पिल्लं काढणारे ढिगाने आहेत, पिल्लू ३०-३५ दिवसांचं असतानाच आईपासून तोडून विकतात कारण अजून महिनाभर ठेवलं तर खाणं आणि लसीचा खर्च त्यांच्या अंगावर येतो, मग ते पिल्लू नव्या घरी जाऊन चौथ्या दिवशी पार्वो या आजाराने रक्ताचे जुलाब करत मरतं. हे सगळं भयानक आहे आणि बंद व्हायलाच पाहिजे. पण केनेल क्लबचा पेपर म्हणजे काय तर आईबाप कोण, आजी-आजोबा कोण याची नोंद. तो फिटनेस सर्टिफिकेट नाहीये. पेपरवाल्या पगचंही नाक तितकंच बंद असतं, कारण ते बंद असणं हेच तर स्टँडर्डच्या जवळचं. अगदी मनापासून जीव लावणारा, माद्यांना गादीवर झोपवणारा, दोन वर्षांतून एकदाच पिल्लं घेणारा ब्रीडर असला तरी तो पगपासून पगच काढणार ना.

आपला कायदाही नेमका इथेच तोकडा पडतो. २०१७ मध्ये केंद्राने डॉग ब्रीडिंगचे नियम आणले आणि ते वाईट नाहीयेत: राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे ब्रीडरची नोंदणी, दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांनंतर मादीचं मेटिंग नाही, वर्षातून एकच वेत, जन्मभरात पाचच्या वर नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, मायक्रोचिप. पण याची अंमलबजावणी बघायला गेलं तर इन्स्टावर उघड उघड 'थर्टी फाइव्ह डेज पप्पी अव्हेलेबल' म्हणून जाहिराती फिरतात, आणि मूळ प्राणी क्रूरता कायदा १९६० चा, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. पन्नास रुपयांत आज वडापावच्या दोन-तीन प्लेट येतात. आणि समजा उद्या हे सगळे नियम कडक पाळले गेले तरी त्यात पिंजरा किती मोठा, पाणी किती, नोंद कशी हे आहे, कुत्र्याचं तोंड किती आखूड असलं तर मेटिंग करायचं नाही हे कुठे आहे? ते पाहिजे, हे माझं म्हणणं आहे. ज्या शरीरातच त्रास आहे ते शरीर मुद्दाम पैदा करणं हीच क्रूरता धरली पाहिजे, पिंजरा स्वच्छ असला तरी.

आणि हे काही हवेत नाहीये. नेदरलँड्समध्ये तोंडाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्याचं ब्रीडिंग करता येत नाही. नॉर्वेत तिथल्या प्राणी संस्थेने ब्रीडर आणि केनेल क्लबवर केस टाकली, २०२२ मध्ये खालच्या कोर्टाने बुलडॉग आणि कॅव्हेलियर दोन्हींचं ब्रीडिंग कायद्याविरुद्ध ठरवलं, अपिलात बुलडॉग सुटला, पण कॅव्हेलियरबद्दल २०२३ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानेही तोच निकाल कायम ठेवला. आहेत ते कुत्रे कोणी उचलून नेले नाहीत. एवढंच की आजारी रक्तातून आजारी पिल्लं काढू नका, दुसऱ्या जातीचं रक्त आणून सुधारा.

सुधारता येतं का, तर येतं. डाल्मेशियन घ्या, ठिपक्यांचा. या जातीत यूरिक अॅसिडचा दोष जवळजवळ शंभर टक्के कुत्र्यांत होता, मूतखडे व्हायचे, लघवी तुंबायची. अमेरिकेत एका शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकदाच, फक्त एकदाच, पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि नंतर प्रत्येक पिढी परत डाल्मेशियनशीच लावत गेला, निरोगी जीन असलेली पिल्लं निवडत. काही पिढ्यांत तो कुत्रा हुबेहूब डाल्मेशियन, फक्त मूतखड्याचा तो दोष नाही. उपाय हातात होता, तरी अमेरिकन केनेल क्लबने त्या कुत्र्यांना स्वीकारलं २०११ मध्ये. ३८ वर्षं! कशासाठी, तर शुद्धता बिघडेल म्हणून. तेवढ्या वर्षांत किती कुत्रे लघवी तुंबून मेले असतील, कागदावरच्या शुद्धतेपायी. जर्मनीत पग आणि जॅक रसेल यांच्या संकरातून जरा लांब तोंडाचे पग काढतात, दिसायला पगच, पण पळतो. म्हणजे 'असं केलं तर जातच नष्ट होईल' हा मुद्दा मला पटत नाही. फोटोत दिसणारा तो चेहरा नष्ट होईल, कुत्रा वाचेल.

मग देशी जाती घ्या, असं आता सगळे म्हणतात. मला स्वतःला आपल्या कारवान कुत्र्यांचं फार प्रेम आहे, लातूर-नांदेड-सोलापूर पट्ट्यात, इकडे सांगलीकडेही शेतकरी आणि धनगर लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेत, सीमेपलीकडे मुधोळला घोरपडे राजांनी त्याला नाव मिळवून दिलं. लांब तोंड, खोल छाती, बारीक कंबर, कारण निवड पळण्यावर झाली, जो पळेल त्याचीच पिल्लं घ्यायची. पण २०२० मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये देशी कुत्र्यांचा उल्लेख केला, मागणी एकदम वाढली, आणि आता त्यांचेही शो, त्यांचंही स्टँडर्ड, त्यांचेही 'क्वालिटी पप्पी'. तमिळनाडूच्या राजपालयमकडे बघा, पांढराशुभ्र रंग आणि गुलाबी नाक पाहिजे म्हणून निवड झाली आणि त्यात बहिरी पिल्लं जन्माला येतात. देशी असला म्हणून निसर्गाचा नियम बदलत नाही. कारवान आपण कामावरून आणि तब्येतीवरून निवडत राहिलो तर टिकेल, फोटोवरून निवडायला लागलो तर त्याचंही तेच होईल, आणि असा पळणारा कुत्रा टू बीएचकेत कोंडून ठेवणं हाही एक छळच.

रस्त्यावरचं गावठी पिल्लू घेणाऱ्याला मी शंभर टक्के पाठिंबा देईन, निसर्गानेच निवडलेलं शरीर आहे ते, नाक उघडं, उन्हाची सवय असलेलं. पण ज्यांच्या घरी आत्ता पग, फ्रेंची, शिट्झू आहे त्यांच्यावर राग काढण्यात काही अर्थ नाही, त्यांच्या कुत्र्याला उद्या सकाळी फिरायला जायचंच आहे. तर त्यांच्यासाठी: गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस वापरा. वजन कमी ठेवा, या कुत्र्यांत एक किलो जास्त म्हणजे श्वासावर फार मोठा भार. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी उन्हं पूर्ण उतरल्यावरच बाहेर. जीभ निळसर दिसली, आवाज वाढला, तर वाट बघू नका, साध्या पाण्याने अंग ओलं करून पंख्याखाली घ्या आणि लगेच व्हेटकडे. नाकपुड्या मोठ्या करायचं आणि टाळू कापायचं ऑपरेशन होतं, या जातींना भूल देणं जोखमीचं असतं म्हणून सवय असलेला सर्जन बघा, आणि लहान वयात केलं तर फायदा जास्त, सात वर्षं थांबून नाही. आणि शेजारचे कोणी मेटिंगसाठी विचारायला आले, 'एक पिल्लू तुम्हाला देतो' म्हणाले, तर नाही म्हणा, नसबंदी करून टाका.